दुपारचा बोद

निपाणीत चैत्र लागला की हवेलाच तंबाखूचा दर्प चढतो. परगावचा पाहुणा मोटारीतून उतरल्या उतरल्या नाकाला उपरणं लावतो, आणि गावातली कुत्रीसुद्धा शिंकत शिंकत सावली शोधतात. गावकऱ्यांना त्याचं काहीच वाटत नाही. परशराम मिस्त्रीला मात्र इथे येऊन दुसरा उन्हाळा उजाडला तरी त्या दर्पाची सवय झाली नव्हती. आणि खरं सांगायचं तर इथल्या कुठल्याच गोष्टीची सवय करून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

तो मूळचा बेळगावजवळच्या अनगोळचा. उमेदीची वर्षं त्याने लोंढ्याच्या रेल्वे यार्डात काढली होती, सागवानी ओंडके वाघिणींत चढवणाऱ्या यारीवर. तिथे शिस्त होती. ओझं वर असलं की खाली माणूस नाही. इशारा द्यायचा तो एकाने, बाकीच्यांनी तोंडं मिटायची. उचलत्या ओझ्यावर कुणी स्वार व्हायचं नाही. आणि सुटीची शिट्टी झाली की आकडा मोकळा करून वर ओढून ठेवायचा. ओझं लोंबतं सोडून पाठ फिरवायची नाही. हे नियम परशरामच्या अंगात असे मुरले होते की रस्त्याने जाताना एखाद्या माडीवरून वाळत घातलेलं धोतर लोंबताना दिसलं तरी तो बाजूने जायचा.

निपाणीच्या एका वखारमालकाने मुंबईहून साखळीची कप्पी मागवली, आणि ती चालवायला जाणता माणूस हवा असा निरोप लोंढ्यापर्यंत आला, तेव्हा परशरामला तो मानाचा वाटला. बायकोचं, सोनाबाईचं, माहेरही निपाणीचंच. आधीची दोन मुलं बारशापर्यंतही पोचली नव्हती. माहेरच्या पाण्याने तरी तिसरं जगेल, असं सोनाबाई म्हणाली. ते जगलं. मुलगी झाली, तिला परशरामच्या आईचं नाव ठेवलं, अक्काताई. एवढंसं बोचकं आणि एवढं थोर नाव, म्हणून सगळे तिला अक्की म्हणत. त्या एका जिवासाठी परशरामने निपाणीचा दर्प पत्करला होता.

वखार लांबोडकी होती, मंगळुरी कौलांची. कौलांत मधे मधे बसवलेल्या काचांतून उन्हाचे खांब खाली उतरत, आणि त्या खांबांत तंबाखूची धूळ इतकी संथ फिरत असे की ऊनच म्हातारं होऊन खाली बसतंय असं वाटावं. एका टोकाला गाड्या लागायचा मोठा दरवाजा. मधल्या भागात भिंतीकडेने चाळण्या घेऊन बसलेल्या बाया. त्यांच्या हातांखालून जर्दा सरसरत पडे आणि त्या आवाजाला वखारीत खंड नसे. दुसऱ्या टोकाला मागची खिडकी. आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत, खांबाखांबावर टेकत गेलेली एक जुनी सागवानी तुळई, एखाद्या अवाढव्य जनावराच्या कण्यासारखी.

दरवाजाजवळच्या गाळ्यात, माळ्याच्या चौकोनी भोकाखाली, त्या तुळईला कप्पी टांगली होती. जर्दा ठासून भरलेले गोणपाटाचे मोठाले बोद आकड्याला लावायचे, हातसाखळी ओढायची, की ते जड पोटांचे बोद गरगरत माळ्यावर चढत. पूर्वी हेच काम दोरीने चाले. कप्पी आल्यावर हमालांचे हात मोकळे झाले, आणि मोकळ्या हातांनी ते भलत्या जागी उभं राहून तंबाखू मळू लागले.

"भरमा," परशराम म्हणे, "डोस्क्यावर काय हाय बघ."

भरमा हमालांचा म्होरक्या. तो सावकाश वर बघे. "बोद हाय."

"पडला तर?"

"आजवर पडला न्हाय, मिस्त्री."

"पडला न्हाय म्हणून तर हितं उभा हाईस. पडल्यावर कोण उभं ऱ्हातंय?"

हमाल हसत. भरमा हसत हसत एक पाऊल सरके, एकच. दिवसातून पन्नासदा 'बाजूला व्हा, बाजूला व्हा' ओरडून परशरामचा घसा बसला, आणि वखारीत त्याचं नावच 'बाजूला-व्हा मिस्त्री' पडलं. पाणी भरणाऱ्या बायाही त्याला वाट देताना घागरीआडून तेच म्हणत. तो चिडे. त्याने चिडावं म्हणूनच ते म्हटलेलं असे.

पण या टवाळीपेक्षा दोन गोष्टींनी त्याचं डोकं जास्त फिरत असे.

पहिली गोष्ट दुपारची. भाकरीची वेळ झाली की हमाल एक भरलेला बोद आकड्याला लावत, माणसाच्या छातीइतका उंच चढवत, तसाच लोंबता सोडत आणि बाहेर लिंबाखाली जेवायला जात. रोज. परशरामने समजावलं, ओरडला, एकदा स्वतः उतरवला. पाठ फिरताच बोद पुन्हा वर.

"का म्हणून? सांग तर," त्याने भरमाला धरलं.

"रिकामा ठेवत न्हाय आमी आकडा."

"पर का?"

"आमच्या आज्ज्यापासनं चालत आलंय."

"ही कप्पी गेल्या साली मुंबईहून आलीया. तुझा आज्जा गेलता काय मुंबईला?"

"कप्पी नवी असंल, मिस्त्री," भरमा भाकरीचं फडकं खांद्यावर टाकत म्हणाला, "जागा जुनी हाय."

दुसरी गोष्ट बायकांची. चाळणीवरच्या बाया तान्ही पोरं घेऊन येत. मागच्या खिडकीपाशी धूळ कमी, म्हणून तिथल्या शेवटच्या गाळ्यात, त्याच तुळईला, त्या जुनेराच्या झोळ्या बांधत. सोनाबाईही लहानपणापासून याच वखारीत चाळणीवर बसलेली. अक्कीची झोळी त्यांतलीच एक. ज्या तुळईवर ओझं चढतं तिलाच पोरं टांगायची, ही कल्पनाच परशरामला सोसत नव्हती. दुसरी सोय नव्हती, म्हणून त्याने तो गाळा तपासला, गाठी तपासल्या आणि ओठ आवळून मान्य केलं. पण पोर दूध प्यायला बाहेर काढलं की त्या बाया झोळीत वरवंटा ठेवत. प्रत्येकीने घरून एकेक आणून ठेवला होता. बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी वरवंटा निजवतात हे परशरामला ठाऊक होतं; अक्कीच्या बारशाला त्याने ते कौतुकाने पाहिलंही होतं. एका दिवसाचा सोपस्कार वेगळा. रोज पोरांच्या डोक्यावर धोंडे टांगणं वेगळं.

"रिकामी झोळी ठेवू नये, बाबा," बायाक्का म्हणाली. चाळणीवरच्या बायांत ती सगळ्यांत जुनी. भुवयांपर्यंत तंबाखूची पूड बसलेली.

"का, आक्का?"

"ठेवू नये म्हून."

परशरामने कपाळाला हात लावला. लोंढ्याला निदान ओंडके तरी गप्प असत.

*

वैशाखात एके दिवशी जेवणानंतर दुपारचा बोद खाली उतरवताना त्याला बोदाच्या माथ्यावर खळगा दिसला. ठासून भरलेला जर्दा दगडासारखा असतो, सहज दबत नाही. हा खळगा रुंद होता, गुळगुळीत, आणि पुढच्या बाजूला दोन पन्हाळी. मांड्यांच्या.

परशरामचा पारा चढला. ओझ्यावर स्वारी! यार्डात या एका गुन्ह्याला त्याच दिवशी घरचा रस्ता दाखवत.

"कोण बसलं व्हतं बोदावर?"

हमाल एकमेकांकडे बघू लागले.

"लोंबत्या ओझ्यावर बसून झोके घेता? साखळीची कडी निसटली तर चिखल हुईल तुमचा, चिखल! कोण व्हतं?"

"आमी समदी लिंबाखाली व्हतो," भरमा म्हणाला. "तुमीबी तिथंच व्हता की. माझ्या ताटलीतली चटणी घेतलीसा."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे त्याला आणखी राग आला. दुसऱ्या दिवशी त्याने जेवणाच्या वेळी वखारीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावली. कुलूप काढल्यावर बोदावर खळगा होताच. त्याने हात ठेवून पाहिला. गोणपाट उबदार होतं, माणूस नुकताच उठून गेलेल्या घोंगडीसारखं.

"हितं कोण मेलंबिलं हाय का कधी?" त्याने बायाक्काला विचारलं. असं विचारावं लागलं याचीच त्याला लाज वाटली.

"न्हाय बा," ती चाळण न थांबवता म्हणाली. "मेलं असतं तर बरं झालं असतं. दिवस घातलं असतं, पाणी सोडलं असतं. गेलं असतं."

तिसऱ्या दिवशी तो स्वतः आत थांबला. दरवाजा आतून लावून घेतला आणि रिकाम्या पोत्यांवर टेकून बसला. बाहेरून हमालांचं हसणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. चाळण्या बंद होत्या. इतके दिवस जो आवाज कानांना ऐकू येईनासा झाला होता, त्याची गैरहजेरी आता कानांत भरून राहिली. मागच्या खिडकीपाशी वरवंट्यांच्या भाराने झोळ्या ताठ उभ्या होत्या. भरलेल्या झोळीच्या दोऱ्या कशा एका रेषेत उभ्या राहतात आणि रिकामं कापड कसं वाऱ्यावर उगाच हेलकावतं, ओझं न तोलता नुसत्या नजरेने ते कसं ओळखायचं, हे त्यानेच पूर्वी नव्या हमालांना शिकवलं होतं.

दुपारचा बोद साखळीवर संथ फिरत होता. थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे, टांगलेली सगळीच ओझी फिरतात तसा.

मग तो थांबला.

मंदावत मंदावत थांबला नाही. फिरता फिरता थांबला, कुणी हात लावावा तसा. साखळीने वर एकदाच 'कट्' आवाज केला. नवं ओझं अंगावर घेताना कडीवर कडी बसते, तेव्हाचा तो आवाज परशरामला झोपेतही ओळखू आला असता.

त्याला भीती वाटली नाही. आपल्याच घरात कुणी न विचारता पाटावर येऊन बसावं, तसा त्याला संताप आला. तो उठला, बोदाभोवती एक फेरी मारली. वर कुणी नव्हतं. उन्हाचा खांब बोदाच्या माथ्यावर तिरपा पडला होता, आणि त्या उजेडात गोणपाट हळूहळू खाली दबत चाललं होतं.

जर्दा बसतो, परशरामने स्वतःला सांगितलं. कौलं तापतात, जर्दा सुटा होतो, आपल्याच भाराने खाली बसतो. ऊब कौलांची. हे सगळं बरोबर होतं. फक्त मांड्यांच्या पन्हाळींचं काय करायचं ते त्याला सुचलं नाही, म्हणून त्याने त्यांचा विचार सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकाच्या कानावर घालून फर्मान काढलं. मालक म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं करा परशराम, पर माल थांबाय नको." फर्मान एवढंच: जेवणाच्या वेळी आकडा मोकळा राहील. बोद लोंबता दिसला तर लावणाऱ्याने उद्या येऊ नये.

हमालांनी वाद घातला नाही. त्यांनी वाद घातला असता तर परशरामला बरं वाटलं असतं.

*

पहिल्याच दुपारी, जेवून परतल्यावर, आकडा हलत नव्हता.

दरवाजातून वारा येत होता, बायांचे पदर उडत होते, आणि रिकामा आकडा नुसत्या साखळीवर ओळंब्यासारखा स्थिर उभा होता. साखळीची कडी न् कडी ताणलेली. परशरामने हातसाखळी ओढली. हलेना. भरमाला हाक मारली, दोघांनी अंग टाकलं, तेव्हा तो उघडा आकडा वीतभर वर चढला, बोद चढावा तसा करकरत.

"चाकात काय तर अडकलंय," परशराम म्हणाला.

त्याने कप्पी उतरवून उघडली, दाते पुसले, तेल घातलं, कडी न् कडी तपासली. कुठे काही नव्हतं. पुन्हा टांगली. सकाळी ती फुलासारखी चाले. दुपारी भाकरीच्या वेळेनंतर रिकामा आकडा पुन्हा जड. मग त्याने तुळईखाली, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एक सुतळी ताणून बांधली. सुतळी आणि लाकूड यांत बोट जाईल एवढी फट ठेवली. तुळईला झोल येतो की नाही, हे त्यावरून कळणार होतं. त्या दुपारी दरवाजाजवळच्या गाळ्यात लाकूड सुतळीला टेकलं होतं. वर ओझं नव्हतं आणि सागवान वाकलं होतं.

"मिस्त्री," भरमा खालच्या आवाजात म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात टवाळी नव्हती. "त्यो लोंबतोय. बसायला काय तर द्या की त्येला."

"कोण त्यो?"

भरमाने खांदे उडवले.

"नाव न्हाय, गाव न्हाय, मेला न्हाय, जित्ता न्हाय! आणि त्येच्यासाठी मी माणसांच्या डोक्यावर ओझं टांगून ठेवू?" परशरामचा बसका घसा फाटला. "लोंबू दे. हात दुखलं की सोडंल आपसूक."

एवढं बोलून तो वळला आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं.

असे काही दिवस गेले. परशरामने हट्ट सोडला नाही. दुपारनंतर आकडा जड जाई, तेव्हा तो बोद चढवायचं काम सकाळीच उरकू लागला. त्यातही त्याला आपलाच विजय दिसे.

आणि मग तो धोंडा पडला.

सोनाबाईने अक्कीला झोळीतून काढून खाली गोधडीवर निजवलं होतं, दुपटं बदलायला. झोळीत रीतीप्रमाणे वरवंटा ठेवला. ठेवून हात काढते न काढते तोच शेजारच्या झोळीचं जुनेर टर्रकन फाटलं आणि तिच्यातला वरवंटा अक्कीच्या डोक्यापासून हातभर अंतरावर जमिनीत रुतला. पोर रडलंही नाही. टकमक बघत राहिलं.

परशराम धावत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे झाले होते. त्याने एकेक झोळी उपसली. एकेक वरवंटा उचलून मागच्या खिडकीतून परसात भिरकावला. तिथल्या विहिरीच्या कठड्यावर दगडावर दगड आदळत राहिले.

"बास झालं!" तो ओरडला. "आजपासनं झोळीत धोंडा दिसला तर मी हाय न्हाय तर तुमी हाईसा!"

सोनाबाईने अक्कीला छातीशी धरलं होतं. "अवो, समद्या बाया ठेवत्यात..."

"समद्या बायांच्या पोरी हातभर वाचल्या न्हाईत!"

बायाक्का उठून उभी राहिली. तिने हात झटकले, आणि तिच्या बोटांतून पिवळी पूड गळली. "मिस्त्रीबाबा, धोंडं नगंत तर नगंत. मग झोळ्याच सोडून टाकतो आमी. पोरं खाली गोधडीवर निजतील."

"खाली धूळ केवढी हाय बघता न्हवं? पोरांच्या छातीत जाईल. झोळ्या ऱ्हाऊ द्यात. फकस्त धोंडं नकोत."

त्याचं म्हणणं अगदी रास्त होतं. कुणी ऐकलं असतं तरी हेच म्हटलं असतं. बायाक्का खाली बसली आणि तिने चाळण उचलली.

*

दुसऱ्या दिवशी भाकरी खाऊन परशराम आत आला आणि दारातच थबकला.

आकडा हलत होता.

वाऱ्याबरोबर मोकळा, हलका, इकडून तिकडे. त्याने एका बोटाने हातसाखळी ओढली, तसा आकडा सरसर वर गेला. वर पाहिलं. या गाळ्यातली सुतळी लाकडापासून सुटली होती, फट पूर्ववत. त्याने फटीत बोट घालून पाहिलं आणि तो हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

"भरमा! ये, बघ. सोडलं का न्हाय? गेला का न्हाय तुझा त्यो?"

भरमा आला. त्याने आकड्याकडे पाहिलं नाही. तो सुतळीच्या रेषेने बघत गेला, पहिल्या खांबापर्यंत, दुसऱ्या खांबापर्यंत, पार मागच्या खिडकीपर्यंत.

"गेला न्हाय," तो म्हणाला. "सरकला."

शेवटच्या गाळ्यात तुळई सुतळीला टेकली होती.

मागच्या खिडकीतून वारा आत येत होता. रिकाम्या झोळ्या त्यात हेलकावत होत्या. एक हेलकावत नव्हती. ती ताठ उभी होती, दोऱ्या तारेसारख्या ताणलेल्या, आणि तिचा तळ जवळजवळ जमिनीला लागला होता. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या पोराच्या भाराने झोळी इतकी खाली येत नाही.

"सोना! अक्की कुठं हाय?"

सोनाबाई चाळणीवरून वळली. "आत्ताच पाजून निजवली की झोळीत."

परशराम धावला. बायकांच्या चाळण्या थांबल्या.

त्याने झोळीचं कापड फाकवलं. अक्की आत झोपली होती. गाल लाल, मूठ तोंडाशी. ती तळाशी नव्हती. कापडाच्या पोटात, तळापासून वर, कुणी मांडीवर घ्यावं तशी ती अधांतरी आडवी होती.

त्याने तिला उचललं.

ती सहज हातात आली. डोळे उघडून तिने बापाकडे पाहिलं आणि हसली.

झोळी वर आली नाही. पोर काढलं तरी ती तशीच ताणलेली, तशीच खोल.

परशरामने अक्कीला छातीशी घट्ट धरलं आणि मागे मागे सरत भिंतीला टेकला. मग त्याने मान वळवून भरमाकडे पाहिलं. एक हात सोडवून आकड्याकडे केला. इशारा एकानेच द्यायचा असतो, आणि तो त्याने दिला.

भरमाने आकडा खाली सोडला. एक भरलेला बोद लावला. छातीइतका चढवला. आणि सगळे हमाल, कधी नव्हे ते, आपणहून बाजूला झाले.

थोड्या वेळाने, खूप सावकाश, झोळी वर आली. तिच्या दोऱ्या सैल पडल्या. कापड वाऱ्यावर हललं.

दाराकडून 'कट्' असा आवाज आला.

बायाक्काने चाळण पुन्हा हातात घेतली. जर्दा सरसरू लागला.

*

त्यानंतर वखारीतली भांडणं संपली. परसातले वरवंटे परशरामने स्वतः धुवून आणून दिले. अक्कीला वखारीत आणूच नको, असं त्याने सोनाबाईला दोनदा सांगितलं. पण माहेरची सगळीच कामाला जात, घरी बघायला कुणी नव्हतं, आणि झोळी काढली तर धूळ होतीच. सोनाबाई म्हणाली, धोंडा ठेवते की आता मी. तिचं म्हणणंही रास्त होतं.

जेवणाची वेळ झाली की परशराम स्वतः बोद निवडी, स्वतः आकड्याला लावी, गाठ दोनदा ओढून बघे आणि मगच बाहेर जाई. हमाल त्याला आता 'बाजूला व्हा' म्हणून चिडवत नसत. त्याला त्याचीही चुटपुट वाटे. माणसं खाली उभी राहिली की तो अजून ओरडायचा, पण आवाजातला जोर गेला होता. ज्या नियमावर सगळे नियम उभे होते, तो एक त्याने रोज दुपारी आपल्या हाताने मोडला होता. पण पोर सुखरूप होतं. दूध पीत होतं, हसत होतं. बाकी सगळ्याचा हिशेब त्याने मिटवून टाकला होता.

ज्येष्ठ लागता लागता, एका दुपारी, बायांच्या चाळण्या नुकत्या सुरू झाल्या होत्या. अक्कीला पाजून सोनाबाईने झोळीत निजवलं होतं. परशरामने हातसाखळी ओढून दुपारचा बोद खाली घेतला. हमाल अजून हात धूत होते. जवळ कुणी नव्हतं.

माथ्यावर रोजचा खळगा होता. रुंद, गुळगुळीत, पुढे मांड्यांच्या दोन पन्हाळी.

आणि त्या दोन पन्हाळींवर आडवा, दोन-अडीच वीत लांबीचा, दुसरा खळगा होता. एका टोकाला डोक्याएवढा गोल. दुसऱ्या टोकाला दोन टाचांचे ठसे.

परशराम त्याकडे बघत राहिला. मग भरमा येतोसं पाहून त्याने घाईघाईने तळव्याने गोणपाट सारखं केलं. ते कोमट होतं, आणि त्याला दुधाचा वास येत होता.

तो वळला. मागच्या खिडकीतून वारा आत येत होता. भरलेल्या झोळ्या एका रेषेत ताठ उभ्या होत्या. टोकाची तेवढी वाऱ्यावर इकडून तिकडे हेलकावत होती, रिकाम्या कापडासारखी.

तिच्यात अक्की झोपली होती.